चलनबदल: विमानतळावरचा काउंटर की एटीएम?
परक्या देशातल्या शहरात उतरल्याउतरल्या पहिली चूक होते ती पैसे बदलताना. काउंटरवर 'कमिशन शून्य' अशी पाटी असली तरी कमाई खरेदी-विक्रीच्या दरांतल्या फरकातून होतेच. म्हणून पाटी न बघता हातात नेमके किती पडणार ते विचारा. एटीएमचा दर सहसा बराच बरा. पण दर वेळी ठरावीक शुल्क कापले जाऊ शकते, तेव्हा थोडेथोडे न काढता 3-4 दिवसांचे एकदम काढा. मशीनने 'तुमच्या देशाच्या चलनात रक्कम कापू का?' असे विचारले तर नाही म्हणा. तो दर मशीनवाल्याचा असतो, आणि बहुधा महागच. कार्डावरचे परदेशी व्यवहार मात्र निघण्याआधीच सुरू करून घ्यायला हवेत. काउंटर कामाचा तो कार्ड अडले तरच, तोही बस-टॅक्सीपुरता.