भांडवलासाठी ५०६(सी) की क्राउडफंडिंग?
अमेरिकेत छोट्या धंद्यासाठी जाहीरपणे भांडवल मागायचं, तर बहुतेकांचा विचार दोन पर्यायांवर येऊन थांबतो: ५०६(सी), म्हणजे जाहिरात करून फक्त सधन गुंतवणूकदारांकडून पैसे घ्यायची मुभा देणारा नियम, आणि क्राउडफंडिंग, म्हणजे ऑनलाइन पोर्टलवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे उभारणं. दोन्ही २०१२च्या जॉब्ज अ‍ॅक्टमधले. ऐन निवडणुकीच्या वर्षात रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने ते विधेयक ३९० विरुद्ध २३ मतांनी मंजूर केलं. डेमोक्रॅट बहुमताच्या सिनेटने क्राउडफंडिंगच्या भागात गुंतवणूकदारांच्या संरक्षणाची कलमं घातली आणि ५ एप्रिलला ओबामांची सही झाली. नोकऱ्या छोट्या धंद्यांतून वाढतात, एवढ्यावर तेव्हा दोन्ही पक्षांचं एकमत झालं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

न्यू जर्सीत आमचा मसाले आणि फराळाचा छोटा कारखाना आहे. ५०६(सी)ला रकमेची मर्यादा नाही, कागदपत्रंही बेताची. पण पैसे फक्त ‘अ‍ॅक्रेडिटेड’ (म्हणजे ठरावीक उत्पन्न किंवा संपत्ती असलेल्या) लोकांकडूनच घेता येतात आणि ते तसे आहेत याची खातरजमा आपण करायची. माझं घोडं इथेच अडलं. मंडळाच्या गणपतीत ज्यांच्या शेजारी पंगतीला बसतो, त्या काकांना म्हणायचं, “तुमचे टॅक्स रिटर्न दाखवता का? नाहीतर सीपीएचं (सनदी लेखापालाचं) पत्र तरी आणा.” काका म्हणाले, “बघतो रे,” आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मार्च २०२५मध्ये एसईसीने (शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाने) या खातरजमेत मोकळीक दिली, पण तिचा फायदा माणशी किमान दोन लाख डॉलरची गुंतवणूक असेल तर. आमच्या ओळखीत एवढा चेक कोण फाडणार?

क्राउडफंडिंगमध्ये बारा महिन्यांत पन्नास लाख डॉलरपर्यंतच उभारता येतात. पोर्टलचं कमिशन, एसईसीकडे भरायचा फॉर्म सी, मोठ्या रकमेला सीपीएकडून हिशेबांची तपासणी, दरवर्षीचा अहवाल, हे सगळं आलंच. खर्च जाणवतो. पण ही डोकेदुखी माझी. पैसे देणाऱ्याला त्याची झळ नाही. पगारदार माणूसही ठरलेल्या मर्यादेत भाग घेऊ शकतो. आमच्याकडे त्यातून पॅकिंगचं मशीन आलं, दुसरी पाळी सुरू झाली. पैसे घातलेल्या काकू आता दुकानात गेल्या की आमची भाजणी फळीवर आहे का, ते बघून मला कळवतात.

तुमच्यामागे दोन-तीन खरोखर मोठे गुंतवणूकदार उभे असतील, तर ५०६(सी) कदाचित सोयीचं पडेल. नसतील, तर मी क्राउडफंडिंगच सुचवेन. पोर्टल निवडताना मात्र कमिशनच्या आधी त्यांचा माणूस फोन उचलतो का, ते बघा.