जुनी स्विफ्ट, पाने आणि पार्किंग: वर्षभराच्या वापरानंतर

गाडीची देखभाल-दुरुस्ती मी स्वतःच करतो. आधी पैशांचं सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. वाचले का? फारसे नाहीत. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड हा माल विकत घ्यावाच लागतो. वाचते ती फक्त मजुरी, आणि पहिल्या वर्षाची मजुरी पाने, जॅक आणि स्टँड यांनीच खाल्ली. नुसत्या बचतीसाठी यात पडायचं असेल तर ओळखीचा चांगला मेकॅनिक धरा, सुखी राहाल. मला यात मजा येते म्हणून मी हे करतो.

गाडी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, वॉरंटी कधीच संपलेली. जागा म्हणजे पुण्यातल्या सोसायटीचं पार्किंग. कमिटीची एकच अट, फरशीवर ऑइलचा डाग दिसता कामा नये. जुना फ्लेक्स अंथरला की तो प्रश्न मिटतो. काळं ऑइल कॅनमध्ये भरून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला देतो, त्याच्याकडे जुनं ऑइल नेणारा माणूस येतो. ते गटारात ओतणाऱ्याने या वाटेला येऊच नये.

गोटी पान्यांचा (सॉकेटचा) संच टापरिया कंपनीचा घेतला. नाशिकच्या सातपूरमध्ये त्यांचा कारखाना आहे, म्हणजे घरचाच माल. वर्षभरात एकही गोटी फाकलेली नाही. घेताना सहा कोनी गोट्या घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या बोल्टाला टोकांवरच धरते आणि जोर लावला की डोकं गोल करून टाकते. मग तो बोल्ट काढणं हे वेगळंच पर्व. रॅचेटचा एखादा लांब दांडा जुन्या बाजारात रविवारी स्वस्तात मिळून जातो, पण जॅक आणि स्टँड तिथून घेऊ नका. गाडीबरोबर येतो तो जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. गाडी खालून उघडायची तर ट्रॉली जॅकने उचलायची, पत्र्याच्या कडेला जिथे खाचा दिल्या आहेत तिथे स्टँड लावायचे, मागच्या चाकांना ठोकळे, आणि खाली शिरण्याआधी गाडी हाताने हलवून बघायची.

सगळ्यात वसूल झालेली वस्तू टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना. टायरवाला हवेच्या गनने नट असे आवळतो की रस्त्यात पंक्चर झाल्यावर टॉमीवर उभं राहूनही ते हलत नाहीत. पुस्तिकेतला आकडा रेंचवर लावायचा आणि ‘टक्’ आवाज आला की थांबायचं. ऑइलचा ड्रेन प्लगही असाच, नवा वायसर घालून. हाताच्या अंदाजाने आवळत राहिलं की कधी ना कधी आटे जातात. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग सैल पडते आणि रेंच खोटं बोलायला लागतो.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, हा दुसरा आनंद, जरा फसवा. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झालं, त्यामुळे स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतंच. मी घेतला तो ब्लूटूथवाला, ईएलएम ३२७ या चिपच्या नकलेवर चालणारा. मूळ चिप कॅनडातल्या कंपनीची होती, ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. स्वस्तात मिळतात त्या बहुतेक नकलाच. माझा अधूनमधून फोनला जोडलाच जात नाही. जोडला गेला तर काम करतो. सॉकेटमध्ये लावून ठेवू नका, बॅटरी पितो.

पावसाळ्यात गाडी मिसिंग मारायला लागली. उभ्या गाडीत थरथर, पिकअप नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. स्कॅनर म्हणाला पी०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. एवढंच. कोड जागा सांगतो, पार्ट सांगत नाही. प्लग असेल, त्याला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते. इंजिन थंड होऊ दिलं, दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर बसवली, कोड पुसला आणि कात्रजच्या चढावर एक चक्कर मारली. दिवा परत आला, पण आता पी०३०३. मिसिंग कॉइलबरोबर शेजारच्या घरात राहायला गेलं होतं! नाना पेठेत जुनी कॉइल काउंटरवर ठेवली, पार्ट नंबर जुळवून नवी आणली, आणि संध्याकाळी गाडी गप्प. त्या चढावर कोडचा शेवटचा आकडा बदललेला बघून जे वाटलं, त्यासाठी मी वर्षभराची मजुरी सोडायला तयार आहे. एक मात्र लक्षात ठेवा, पिवळा दिवा लुकलुकत असेल तर असली चक्कर मारायची नाही. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि त्याची वाट लावतं.

तरी माझं आवडतं काम बिघाडाचं नाहीच. चालू असलेली वस्तू उघडायची, पुसायची, बंद करायची, यात जास्त गोडी आहे. पुढच्या ब्रेकचे कॅलिपर घ्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा चिमटा. पिस्टन एकाच बाजूला असतो. दाब आला की पूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि पलीकडचा पॅड डिस्कला टेकतो. पिना सुकल्या की तो सरकत नाही, आणि आतला पॅड संपतो तेव्हा बाहेरचा अजून जाड असतो. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर फिरतो. पिनेवरचं जुनं ग्रीस काळ्या मेणासारखं झालेलं असतं. फडक्याने पुसून सिलिकॉनचं ग्रीस बोटभर लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात. मग अंगठ्याने ढकललं तरी पिन सरकते, आणि सोडली की आतली हवा तिला हळूच परत ढकलते. मी ते उगाचच चार वेळा करून बघतो. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि पॅड मागे ढकलले असतील तर गाडी हलवण्याआधी पेडल दाबून दाबून घट्ट करा, पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं.

तक्रार एकच, माहितीची. कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल आपल्यासारख्याला सहजी मिळत नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्यांना मिळू दिली नाही म्हणून २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ गाडी कंपन्यांना २५४४ कोटींचा दंड सुनावला होता. ग्राहक व्यवहार खात्याचं राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टलही २०२२ मध्ये आलं. तरी एखाद्या बोल्टाचा टॉर्क शोधायला अजून अर्धी संध्याकाळ जाते.

एअरबॅग, एसीचा गॅस आणि क्लच यांना मी हात लावत नाही, ती कामं गॅरेजची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. त्याला पेडल दाबायला दुसरा माणूस लागतो. बायकोने एकदा दाबलं, आता ती आधी किती वेळ लागणार ते विचारते. नव्याने सुरू करणाऱ्याने एअर फिल्टर आणि केबिन फिल्टरपासून करावं, त्याला जॅकही लागत नाही. त्यात गोडी लागली तर मग टॉर्क रेंच घ्या. स्कॅनर सगळ्यात शेवटी.