धुऱ्यावरची झाडं ओळखायचं ॲप, महिनाभर वापरून
धारूरकडं आमचं रान आहे, डोंगराच्या कडेला, धुऱ्यावर म्हणजे बांधावर आजोबाच्या काळापासूनची काटेरी वई, म्हणजे कुंपण, आहे अन् तिच्यात किती फळझाडं उगवलीत ते नीट कुणालाच सांगता येत नाही म्हणून दिवाळीनंतर मोबाईलात हे फोटोवरून झाड ओळखायचं ॲप घेतलं. सीताफळ, चिंच, कवठ एका फोटोत बरोबर सांगितलं. भोकरपण ओळखलं, तेबी नुसत्या पानावर, हे मला लै आवडलं.

पण बोरीत ॲप गडबडतं. घटबोराला सरळ बोर म्हणालं. आता घटबोराचं फळ लाकडासारखं टणक, खायच्या कामाचं नाही. येरोणीलाही बोरच दाखवलं, तिचं फळ पिकल्यावर काळं पडतं, वाटाण्याएवढं, अन् वेल वईवर चढत जातो, काटा वाकडा. आईनं लांबूनच सांगितलं, फोटो नको की काही नको. ती म्हणली पान उलटं करून बघ, संक्रांतीच्या सुगडात घालतो त्या बोरीचं पान खालून पांढरट लवेचं असतं अन् देठापासून तीन शिरा निघतात.

पानाची खालची बाजू, काटा अन् फळ असे तीन वेगळे फोटो दिले की उत्तर बरंच सुधारतं, एकाच फोटोवर भागवू नका. मराठी नावं फार कमी आहेत, हिंगणबेटाच्या झाडाचं तर नुसतं शास्त्रीय नाव येतं, ते गावात कुणाला कळणार? अन् रानात रेंज नसली की बंदच. पाचपैकी तीन. ॲपनं सांगितलं म्हणून लेकरांना कुठलंच फळ खाऊ देऊ नका, आधी गावातल्या जाणत्या माणसाला दाखवा.