अल्सा-युटिल्स: सप्त्यात रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हे नीट शिकून घ्याच

गंगाखेडकडच्या गावांत हरिनाम सप्त्याचं रेकॉर्डिंग करतो आम्ही. जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स अन् साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन-इनला आलेली वायर, बस एवढंच सामान. त्यात लै कामाचं पॅकेज म्हणजे अल्सा-युटिल्स, म्हणजे लिनक्सात साऊंड कार्ड चालवणाऱ्या अल्साची हत्यारं. फुकट आहे, बऱ्याच लिनक्समध्ये आधीच टाकलेलं असतं.

टर्मिनलात अल्सामिक्सर, म्हणजे त्यातला लेव्हलचे पट्टे दाखवणारा प्रोग्राम, उघडायचा, एफ६ दाबून कार्ड निवडायचं, एफ४ नं रेकॉर्डिंगचे पट्टे येतात, इनपुट लाईनवर घ्यायचं अन् बूस्ट, म्हणजे इनपुटचा आवाज जादा वाढवणारा पट्टा, पार शून्यावर, नाहीतर पखवाजाची थाप पडली की आवाज फाटलाच समजा. दिसायला जुनाट आहे पण काम चोख.

आता मुख्य गोष्ट. रिबूट केल्यावर सेटिंग आपोआप परत येते, पण सेव्ह होते ती मशीन नीट शटडाऊन केल्यावरच. बंद होताना अल्सा-रिस्टोर सर्व्हिस सगळ्या लेव्हल असाऊंड डॉट स्टेट नावाच्या फाईलीत लिहिते, चालू होताना तिथूनच उचलते. आपल्याकडं लाईटीचा काय भरवसा, मशीन धाडकन बंद पडलं की लिहायचं राहूनच जातं, मग लाईट आल्यावर बघावं तर बूस्ट परत वर चढलेला अन् तिकडं महाराजांनी अभंग सुरू केलेला, अशा वेळी पट्टे हुडकत बसायला कुणाला सवड असते? म्हणून लेव्हल जमली की लगेच 'sudo alsactl store' मारून ठेवायचं, मग लाईट दहादा जाऊ द्या, लेव्हल जागची हलत नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमतही मिक्सरची सेटिंग शटडाऊनलाच लिहिली जाते, म्हणजे तिथंही हीच काळजी.

एक खटकतं, हे सगळं नव्या माणसाला स्क्रीनवर कुठंच सांगितलेलं नाही. शिवाय पाइपवायर (अल्साच्या वर चालणारा आवाजाचा सर्व्हर) असलेल्या डेस्कटॉपवर त्याचा व्यवस्थापक वायरप्लंबर स्वतःची लेव्हल वेगळी लक्षात ठेवतो, त्यामुळं कधीकधी त्याची अन् अल्साची ओढाताण होते. आमच्या रेकॉर्डिंगच्या मशीनवर म्हणून नुसतं अल्साच ठेवलंय.

पाचपैकी साडेचार. आणि हो, सारख्याच कंपनीचे दोन स्वस्त यूएसबी कार्ड लावणार असाल तर जरा जपून, सेटिंग कार्डाच्या नावावर सेव्ह होते अन् ते नाव कोणतं कार्ड आधी सापडलं त्यावर ठरतं, त्यामुळं एकाची लेव्हल दुसऱ्याला लागू शकते.