शागोतीबरोबर रिओहा : मार्केस दे रिस्काल रेसेर्वा

स्पेनच्या रिओहा प्रदेशातील मार्केस दे रिस्काल या वाइनरीची २०१९ सालची रेसेर्वा ही लाल वाइन गेल्या दोन महिन्यांत फोंड्यातील आमच्या घरी तीन वेळा उघडली गेली, आणि तिन्ही वेळा ताटात काय वाढले आहे यावर तिची चव ठरली. मटणाच्या शागोतीबरोबर ती फार सुंदर लागली, चोरिसाबरोबर, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजबरोबर, सपक लागली आणि तळलेल्या बांगड्याबरोबर तर जिभेवर लोखंडाची चव रेंगाळत राहिली. वाइन तीच होती, पेले तेच होते आणि पिणारेही तेच होते. म्हणून गोव्यातल्या घरात ही बाटली कशासाठी घ्यावी आणि कशासाठी घेऊ नये, हे थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

रिओहा हा उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्याचा प्रदेश. त्याच्या उत्तरेला सिएरा कांताब्रियाची डोंगररांग आडवी उभी आहे आणि अटलांटिकवरून येणारे गार, ओले वारे ती बऱ्याच अंशी अडवते. सह्याद्री ढग अडवतो म्हणून आपण चार महिने भिजतो आणि घाटापलीकडचा देश कोरडा राहतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला रिओहाचे हवामान वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की तिथले द्राक्षमळे डोंगराच्या कोरड्या बाजूला आहेत. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर रिओहाची राजधानी लोग्रोन्यो येथे साधारण चारशे. पाऊस बेताचा, दिवस उन्हाचे आणि रात्री गार असल्यामुळे तेंप्रानियो या काळ्या द्राक्षाची साल चांगली पिकते आणि रसातला आंबटपणाही टिकून राहतो. ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकते, म्हणून त्याला हे नाव पडले.

याच प्रदेशात सान मियान दे ला कोगोया येथे दोन जुने मठ आहेत. तिथल्या एका लॅटिन हस्तलिखिताच्या समासात एका अनामिक साधूने लोकभाषेत लिहून ठेवलेल्या टिपा स्पॅनिश भाषेच्या आद्य लिखित खुणांपैकी मानल्या जातात. श्रवणबेळगोळच्या शिलालेखाचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी वाचकाला या गोष्टीचे अप्रूप वाटेल, म्हणून तिची नोंद करतो.

मार्केस दे रिस्कालची स्थापना १८५८ साली आलावा प्रांतातील एल्सिएगो या गावी झाली. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइन लहान ओक पिंपात मुरवण्याची जी रीत होती, ती रिओहात रुजवणाऱ्या पहिल्या घराण्यांपैकी हे एक. पुढे फिलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्समधले मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात डोंगर ओलांडून इकडे आले आणि रिओहाचा व्यापार भरभराटीला आला. बाटलीभोवतीची सोनेरी तारेची जाळी ही त्या काळातल्या नावलौकिकाची खूण आहे. रिकाम्या बाटल्यांत भलतीच वाइन भरून ती खरी म्हणून विकणाऱ्यांना आळा बसावा यासाठी ती घालण्यात आली होती. आज ती केवळ शोभेपुरती उरली आहे, तरी ती सोडवताना मला अजूनही आनंद होतो. २००६ साली वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी एल्सिएगोला या वाइनरीचे हॉटेल बांधले, त्याच्या टायटॅनियमच्या छतात वाइनचा गुलाबी रंग आणि या जाळीचा सोनेरी रंग दोन्ही आहेत.

रिओहाच्या बाटलीवरचे शब्द दर्जाची फुशारकी मारण्यासाठी नसतात, ते काळाचा हिशेब देतात. क्रियांसा म्हणजे किमान दोन वर्षे मुरवलेली, त्यातले एक वर्ष पिंपात. रेसेर्वा किमान तीन वर्षांची, त्यातलेही निदान एक वर्ष पिंपात आणि सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वाला पाच वर्षे लागतात, त्यांपैकी किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. घरी आणून वर्षानुवर्षे ठेवण्याची सोय आपल्याकडे नाही. ती वाट निर्मात्याने स्वतःच्या तळघरात आधीच पाहिलेली असते, हा मला या वाइनचा मोठा गुण वाटतो.

ही रेसेर्वा मुख्यतः तेंप्रानियोची आहे आणि तिच्यात थोडी ग्रासियानो द्राक्षे आहेत. रंग गर्द लाल, कडेला किंचित विटकरी. पहिल्या वासात काळी चेरी आणि ज्येष्ठमध येतो, आणि पेला पंधरा मिनिटे तसाच ठेवला की व्हॅनिला, लवंग आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास वर येतो. हा खोबऱ्याचा वास कल्पनेतला नाही. ही वाइन अमेरिकन ओकच्या पिंपात जवळजवळ दोन वर्षे राहते आणि त्या लाकडातून लॅक्टोन नावाची नारळासारख्या वासाची द्रव्ये तिच्यात उतरतात. तोंडात ती मध्यम भरीव लागते. तुरटपणा आहे, पण तो हिरड्यांना ओढत नाही, आणि शेवटी राहणारा आंबटपणा पुढच्या घासाची इच्छा जागी करतो.

शागोतीशी तिचे का जमले, याचे उत्तर इथेच आहे. आमच्या घरी शागोतीत खोबरे चांगले तांबूस होईपर्यंत भाजतात, आणि खसखस, लवंग, दालचिनी, बडीशेप घातलेल्या त्या वाटपाला पेल्यातले खोबरे आणि लवंग जणू ओळख देतात. मटणाच्या चरबीने वाइनचा तुरटपणा मऊ होतो. रिओहातही वेलींच्या सुक्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्यांबरोबर हीच वाइन पितात. मात्र मिरची बेताची हवी, कारण तिखट वाढले की १४ टक्के मद्यार्क घशाला जाळू लागतो. चोरिसाकडून मला फार आशा होती, कारण बटाटे आणि चोरिसो यांचा रस्सा हा रिओहाचा स्वतःचा पदार्थ आहे. पण आपल्या चोरिसात भरपूर व्हिनेगर असते, स्पॅनिश चोरिसोत ते नसते, आणि त्या आंबटपणापुढे वाइनमधली फळाची चव पार विझून जाते. बांगड्याच्या बाबतीत दोष वाइनमधल्या लोहाचा आहे. तेलकट माशाशी त्याचा संयोग झाला की हिवस, धातूसारखी चव येते. सुंगटे (कोळंबी) आणि इसवण (सुरमई) यांच्यासाठी पांढरी वाइनच आणावी.

आता गोव्यापुरती एक कळकळीची सूचना. गेल्या मे महिन्यात एका दुकानातून मी दुसऱ्याच एका रिओहाची बाटली घेतली होती. ती पंख्याखालच्या फळीवर, काचेतून येणाऱ्या उन्हात महिनोन्‌महिने उभी असावी. बूच तोंडाच्या वर सरकलेले होते आणि वाइन उकडलेल्या मनुकांसारखी लागली. इतके आयात शुल्क भरून आलेली वस्तू अशी वाया गेलेली पाहून वाईट वाटते. म्हणून वातानुकूलित खोलीत आडव्या ठेवलेल्या बाटल्याच घ्याव्यात, आणि वेष्टनावरून बोट फिरवून बूच वर आलेले नाही ना, हे आधी पाहावे. लाल वाइन घरच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी आहे, आपल्या तीस अंशांच्या घरासाठी नव्हे. उघडण्यापूर्वी बाटली सतरा-अठरा अंशांच्या जवळ येईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवली की मद्याचा भपकारा जाऊन फळाची चव पुढे येते.

शागोतीच्या दिवशी आम्ही चौघे होतो, तरी तळाशी पेलाभर वाइन उरली. बूच लावून ती फ्रीजमध्ये ठेवली, आणि दुसऱ्या संध्याकाळी उरलेल्या शागोतीबरोबर पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आम्ही दोघांनी ती वाटून घेतली. चेरीचा वास थोडा मावळला होता, खोबऱ्याचा मात्र तसाच होता.