जुन्या घराची जागा, पायाखाली खिळेच खिळे: छोटी कॉइल घ्यावी की नवं मशीन?

परवा एका स्नेह्यांचा फोन आला. न्यू जर्सीत राहतात, दोन वर्षांपासून मेटल डिटेक्टिंग करतात, हातात गॅरेट कंपनीचं एटी प्रो हे मशीन. आजवर बागा आणि मैदानं फिरले. आता एका शेतमालक बाईंनी त्यांच्या रानातल्या जुन्या घराच्या जागेवर फिरायची परवानगी दिली आहे. घर कधीच पडलं, उरलाय तो तळघराचा दगडी खड्डा आणि उंबऱ्यापाशी लावलेलं लायलॅकचं झाड. "मशीन क्षणभर गप्प बसत नाही हो. दोन तासांत पिशवीभर खिळे निघाले, दुसरं काही नाही. डिउस २ घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, आधी छोटी कॉइल (मशीनच्या दांडीच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) घ्या. नवं मशीन नंतर बघू. असं का म्हटलं, आणि कोणत्या परिस्थितीत माझं उत्तर उलट असतं, ते सविस्तर लिहितो. पेनसिल्व्हेनियातल्या अशा जागांवर मी एटी प्रो कितीतरी वर्षं वापरलं, पुढे मिनलॅब इक्विनॉक्स ८०० घेतलं, आणि दोन्ही मशीनवर मोठी-छोटी अशा दोन्ही कॉइल लावून पाहिल्या आहेत.

आधी कचरा कुठला ते ओळखा

लाकडी घर जळतं किंवा कुजून खाली बसतं, तेव्हा त्याचे हजारो खिळे तिथेच मातीत उतरतात. अमेरिकेत साधारण १७९० च्या दशकापासून १८९० च्या आसपासपर्यंत यंत्रावर कापलेले चौकोनी खिळे चालले, त्यानंतर आजचे गोल तारेचे खिळे आले. तेव्हा मूठभर खिळे पुसून पाहिले तरी घराचं वय कळतं. त्यांच्यासोबत बिजागऱ्या, नाल, शेगडीचे बिडाचे तुकडे असतात. हे सगळं लोखंड.

दुसरा कचरा जास्त फसवा. कोळशाच्या शेगडीतून निघालेली जळकी ढेकळं मशीनवर फॉइलसारखी बोलतात. काचेच्या बरण्यांची जस्ताची झाकणं नाण्यासारखी वाजतात. बंदुकीच्या काडतुसांचे पितळी बूड, आणि डब्यांच्या पुल टॅब.

पुल टॅबचं साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. डब्यापासून सुटी होणारी कडी १९६२-६३ च्या सुमारास बाजारात आली आणि १९७५ मध्ये डब्यालाच चिकटून राहणारी कडी आल्यावर हळूहळू मागे पडली. घर १९५० च्या आधीच ओस पडलं असेल आणि नंतर तिथे कोणी पार्ट्या केल्या नसतील, तर मधल्या टोनचा (वेगवेगळ्या धातूंना मशीन वेगवेगळ्या पट्टीत आवाज देतं) प्रत्येक सिग्नल खणावा. बफेलो निकेल, म्हणजे १९१३ ते १९३८ मधलं पाच सेंटचं नाणं, आणि सोन्याची अंगठी याच पट्ट्यात बोलतात. घर १९८० पर्यंत नांदतं असेल तर त्याच पट्ट्यात शंभर कड्यांमागे एखादं निकेल, आणि मग किती खणायचं हा तुमच्या कंबरेचा प्रश्न. यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर जुने नकाशे फुकट मिळतात. कुठल्या सालच्या नकाशात घराचा काळा ठिपका आहे आणि कुठल्या सालच्या नकाशात तो गेला, एवढं पाहूनच जागेवर जा. हजार डॉलरच्या मशीनइतकीच ही माहिती कामाची आहे.

मोठी कॉइल, छोटी कॉइल

लोखंडी जागेतली खरी अडचण खोलीची नसते, झाकोळण्याची असते. कॉइलखाली खिळा आणि नाणं एकाच वेळी आलं, की खिळ्याचा सिग्नल नाण्याचा सिग्नल गिळतो. तुम्ही डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू वगळायची सोय, लावून लोखंड गप्प केलेलं असेल तर आणखी वाईट, कारण मशीन शांत राहतं आणि तुम्हाला वाटतं खाली काहीच नाही.

आता साधा हिशोब करा. ११ इंची गोल कॉइल जेवढी जमीन झाकते ती ६ इंची कॉइलच्या जवळजवळ साडेतीन पट. कॉइलखालची जागा सगळीकडे सारखीच बघत नाही, डबल-डी कॉइल तर मधल्या उभ्या पट्टीतून बघते, तरी फरकाचा अंदाज येतो. जिथे पसाभर मातीत पाच खिळे आहेत तिथे मोठ्या कॉइलखाली एका वेळी दहा-बारा गोष्टी येणार आणि छोटीखाली तीन-चार.

एक प्रयोग मी अंगणात केला, तुम्हीही करा. १९६५ च्या आधीची चांदीची डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, जमिनीवर ठेवली. दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून एकेक चौकोनी खिळा ठेवला, गंजलेला, त्याच जागेवरून आणलेला. एटी प्रो मोठ्या कॉइलनं: डावीकडून उजवीकडे जाताना एक तुटका आवाज, परत येताना फक्त लोखंडाची घरघर. एटी प्रोवर ५ बाय ८ ची छोटी कॉइल: दोन्ही बाजूंनी टोन, जरा खरखरीत, पण हात थांबेल असा. इक्विनॉक्स ११ इंची कॉइलनं, रिकव्हरी स्पीड वाढवून: एका बाजूनं स्पष्ट, दुसऱ्या बाजूनं तुटका. इक्विनॉक्स ६ इंची कॉइलनं: घंटेसारखा, दोन्ही बाजूंनी.

मग एक खिळा उचलून डाइमच्या वर आडवा ठेवला. चारही वेळा नाणं जवळजवळ नाहीसं झालं. त्यावर कुठल्याही कंपनीचा इलाज नाही, खिळा उचलणं हाच इलाज. त्याकडे शेवटी येतो.

या चार नोंदींत माझं उत्तर आहे. जुन्या मशीनला छोटी कॉइल लावली तर ते नव्या मशीनच्या मोठ्या कॉइलच्या बरोबरीला येतं, निदान या कामात. आणि कॉइल साधारण १५० ते २०० डॉलरांत येते. मी इक्विनॉक्स घेतलं तेव्हा ही गोष्ट मला कळलेली नव्हती. सोबत आलेली मोठी कॉइल लावून पहिल्याच रविवारी त्याच खड्ड्यापाशी गेलो आणि संध्याकाळी तसाच रिकाम्या हातानं परत आलो. छोटी कॉइल आली आणि त्याच दहा पावलांत कपड्यांची तीन जुनी चपटी धातूची बटणं आणि इंडियन हेड सेंट हे एक सेंटचं जुनं नाणं मिळालं.

छोट्या कॉइलचे तोटेही सांगतो. खोली घटते. पण घराच्या जागेवर मला मिळालेल्या बहुतेक वस्तू सहा इंचांच्या आतच होत्या, कारण तिथे नांगर फारसा फिरलेला नसतो. खरा तोटा वेळेचा. त्या कॉइलनं एक एकर झाकायला गेलात तर ऋतू संपेल. म्हणून खड्ड्याच्या भोवती वीस-पंचवीस पावलांपर्यंत छोटी, आणि त्यापुढे मोठी. कपडे वाळत घालायची जागा, विहिरीची वाट, मोठ्या झाडाची सावली, गाडी थांबायची ती जागा: तिथे खिळे कमी, माणसांची ये-जा जास्त, आणि खिशातून पडलेलं नाणं बहुतेक तिथेच. माझी सगळ्यात चांगली नाणी घराच्या आत नाही, वाटेवर मिळाली आहेत.

मग नवं मशीन कधी?

तीन कारणं मला पटतात.

पहिलं, माती. एटी प्रो १५ किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं. सौम्य, कोरड्या मातीत काही बिघडत नाही. पण जिथे मातीतच लोहखनिज भरपूर आहे तिथे खोलवरच्या नाण्याचा मशीनच्या पडद्यावरचा आकडा भरकटतो आणि तांबं लोखंडासारखं दिसू लागतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीनं तिथे खरंच पुढे आहेत. तुमच्या जागेवर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन मातीशी जुळवून घेणं, पुन्हा पुन्हा करावा लागत असेल तर पैसे इथे घालावेत.

दुसरं, रिकव्हरी स्पीड, म्हणजे एक सिग्नल संपवून दुसरा ऐकायला मशीन किती लवकर मोकळं होतं. इक्विनॉक्स ८०० वर हे १ ते ८ असं लावता येतं, स्वस्तातल्या ६०० वर फक्त १ ते ३. जुन्या घरांसाठीच घेणार असाल तर ६०० घेऊ नका, हा फरक पहिल्या दिवशी जाणवतो. इक्विनॉक्सवर आयर्न बायस, म्हणजे शंकास्पद सिग्नल लोखंडात धरायचा कल, तोही कमीत कमी ठेवा. वाढवलात तर खोटे सिग्नल कमी होतात हे खरं, पण खिळ्याशेजारचं नाणंही त्यासोबत लोखंडात जमा होतं.

तिसरं, हात. फ्रेंच बनावटीचं डिउस २ हलकं आहे, कॉइल आणि रिमोटमध्ये वायर नाही, आणि लोखंडातून सिग्नल वेगळा काढण्यात ते मी ऐकलेल्या मशीनांत सगळ्यात चपळ आहे. एका मित्राचं दोन शनिवार वापरलं. त्याचा आवाज इतका भरलेला असतो की सवय नसलेल्या कानाला गोंगाट वाटतो आणि सवय झालेल्या कानाला त्यातून खिळ्याचा आकारही कळतो. घ्यायचंच असेल तर ९ इंची कॉइलचं घ्या, ११ इंची नको. खांदा दुखत असेल, आठवड्याला दोनदा जाणार असाल, तर एवढी किंमत पटते. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला मी ते घ्या म्हणणार नाही. तुर्की नोक्ता लेजंड कमी पैशांत अनेक फ्रिक्वेन्सी देतं आणि त्याला ६ इंची कॉइलही मिळते. बजेट बांधलेलं असेल तर लेजंड आणि छोटी कॉइल मिळून जो खर्च येईल, तो फक्त डिउसच्या खर्चापेक्षा बराच कमी आहे.

माझ्या स्नेह्यांच्या जागेची माती सौम्य, ते महिन्यातून दोनदा जाणार, एटी प्रो नीट चालतंय. म्हणून कॉइल. वर्षभरानं त्यांना मशीनची मर्यादा कानानं जाणवली तर ते स्वतःच ठरवतील, आणि तेव्हा त्यांना नक्की काय हवं तेही माहीत असेल.

डिस्क्रिमिनेशन लावून, की सगळं ऐकत?

इथे माझं मत ठाम आहे. अशा जागेवर लोखंड ऐकू आलं पाहिजे. एटी प्रोवर त्यासाठी आयर्न ऑडिओचं बटण आहे, प्रो मोडमध्ये चालू ठेवा. घरघरीमध्ये एखादी बारीक चिमणीसारखी चिवचिव ऐकू आली की थांबा, जागच्या जागी कॉइल हळूहळू हलवा, मग नव्वद अंशांत फिरून दुसऱ्या बाजूनं ऐका. खिळा दुसऱ्या बाजूनं मोडतो आणि पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे वस्तूची नेमकी जागा शोधताना, आवाज एका कडेला सरकतो. नाणं जागचं हलत नाही. गंजलेला पत्रा आणि कुऱ्हाडीचं पातं मात्र या परीक्षेतही फसवतात. ते खणावे लागतात आणि त्याला इलाज नाही.

फिरण्याचा वेगही निम्म्यावर आणा. मैदानावर जसा हात चालवतो तसा इथे चालवला तर कुठलीही कॉइल काही सांगणार नाही.

परवानगीबद्दल

मालकाची परवानगी लेखी घ्या, दोन ओळींची का असेना, आणि सापडलेल्या वस्तूंचं काय करायचं ते आधीच बोलून ठेवा. नॅशनल पार्कमध्ये डिटेक्टर बाळगायलाही बंदी आहे, आणि संघराज्याच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याविना काढणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सुटीत गावी गेल्यावर आपल्या वाड्याच्या पडक्या जागेवर मशीन फिरवावं असं इथल्या अनेकांच्या मनात येतं. तसं करू नका. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत लपलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात खणण्याचा तर विचारही नको.

आता तो वरचा खिळा

पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर) आणि खुरप्यासोबत एक छोटी बादली न्या. निघालेला प्रत्येक खिळा, पत्रा, कडी त्यात टाका, खड्ड्यात परत नाही. खड्डा गवताच्या चकतीसह बुजवा. पहिल्या दिवशी बादलीचं वजन तेवढं वाढेल, मिळणार काही नाही. मी एका तळघराच्या पायरीसमोरचा तीन पावलांचा तुकडा असा चार रविवार साफ केला. चौथ्या रविवारी, जिथे आधी नुसती घरघर होती तिथे, गुडघ्यावर बसून हातानं माती फोडली तर काळपट मातीत पांढरी कड दिसली. १८९२ ते १९१६ मधली बार्बर डाइम. तिच्यावर दोन खिळे आडवे होते, आणि ते पहिल्या तीन रविवारीच बादलीत गेले होते.