बॉक्स की फील्ड? पोरासोबत आपणही लॅक्रोस शिकायचं आणि शिकवायचं असेल तर

ऑक्टोबर 2023 मध्ये ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत झाली आणि 2028 च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट घेतलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच बैठकीत लॅक्रोसही घेतलं, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ, ते मात्र आपल्यापैकी फार कमी जणांच्या लक्षात राहिलं. तेव्हापासून इथे कॅनडात, ऑन्टारिओत, ओळखीतले आईबाबा विचारतात की मुलाला लॅक्रोसला घालायचंय आणि क्लबवाले म्हणतात बाबांनीही कोचिंगला हात लावा, तर बॉक्स, म्हणजे रिंकमधलं, घेऊ की फील्ड, म्हणजे मैदानावरचं? ऑलिंपिकमध्ये खेळणार ते सिक्सेस, सहा-सहा जणांचं, पण शाळकरी मुलाला सुरुवात करायची तर आसपासचे क्लब बहुतेक बॉक्सचे नाहीतर फील्डचेच असतात. मी दोन्हीकडे मदतनीस कोच म्हणून उभा राहिलोय, स्टिक हातात पहिल्यांदा धरली तीही चाळिशीनंतर, त्यामुळे हे सगळं शिकाऊ माणसाच्या नजरेतून आहे असं समजा. आणि हे मुलांच्या, म्हणजे पुरुषांच्या खेळाबद्दल आहे, बायकांच्या लॅक्रोसचे नियम पार वेगळे.

फील्डची बाजू आधी सांगतो कारण ती खरंच भक्कम आहे. मोकळी हवा, गवत, पळायला जागा. ज्या पोराचे पाय चांगले पण हात अजून बसलेले नाहीत त्याला मिडफिल्डला टाका, तो पहिल्याच सीझनला उपयोगी पडतो. उंच, शांत डोक्याच्या मुलाला लाँग पोल द्या, सहा फुटापर्यंतची ती काठी हातात आली की त्याची कॉलर आपोआप ताठ होते. फील्डचे कोच दोन्ही हातांनी खेळायला लावतात, डावीकडून पास, उजवीकडून पास, आणि ही सवय लहानपणीच लागलेली बरी. अमेरिकन कॉलेजांत फील्डच खेळतात, म्हणजे कोणाच्या डोक्यात पुढेमागे स्कॉलरशिप वगैरे असेल तर शेवटी तिथे जावंच लागतं.

बॉक्स म्हणजे उन्हाळ्यात बर्फ काढून टाकलेल्या हॉकी रिंकमध्ये, पाच जण आणि एक गोली, म्हणजे गोलकीपर. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला रिंकच्या मालकांना उन्हाळाभर रिकामी पडलेली जागा वापरायची होती, त्यातून हा प्रकार निघाला आणि कॅनडात असा मुरला की पीटरबरो शहर, सिक्स नेशन्स ही मूलनिवासींची वस्ती असल्या ऑन्टारिओतल्या ठिकाणी लॅक्रोस म्हटलं की बॉक्सच. त्रासही सांगतो. जुलैत त्या बंद रिंकमध्ये अक्षरशः भट्टी असते, खाली काँक्रीट असल्यामुळे पडलं की गुडघे सोलले, आणि आवाज इतका घुमतो की बेंचमागून तुम्ही काय ओरडताय ते समोरच्या पोराला कळतच नाही. दंडाचे पॅड, बरगड्यांचे पॅड हा खर्च वर. आणि काठी आडवी धरून ढकलणं, क्रॉसचेक, फील्डमध्ये फाऊल असतं ते मोठ्यांच्या बॉक्समध्ये बरंचसं चालतं, पहिल्यांदा बघताना आईलोकांच्या पोटात गोळा येतो. वयोगटाप्रमाणे नियम बदलतात, ते आपल्या क्लबला आधी विचारून घ्या.

एवढं वाचून वाटेल की हा फील्डकडेच झुकलाय. पण माझं ठरलं ते एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीवरून, चेंडू आणायला जाणं.

नवशिक्या मुलांच्या फील्ड प्रॅक्टिसमध्ये दोन-दोनच्या जोड्या करून पास द्यायला लावा आणि बघा काय होतं. पहिला पास डोक्यावरून जातो. दुसरा पायापाशी पडतो आणि तो कडक रबरी बॉल टप्पा खाऊन पार मैदानाच्या कडेला. पोरगं जातं, रमतगमत जातं, वाटेत कोणाशी तरी बोलतं, बॉल लांब गवतात गेलेला असतो, मग अजून एक मित्र शोधायला मदतीला, आणि इकडे जोडीदार नुसता उभा. गोलच्या मागे जाळी लावता येते पण चारही बाजूंनी कुठून लावणार. आपल्याकडे गल्ली क्रिकेटमध्ये बॉल शेजारच्या कंपाउंडमध्ये गेला की सगळा खेळ थांबायचा ना, तसं दर मिनिटाला. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण मला तरी वाटायचं की आपण लॅक्रोस कमी आणि बॉलवेचणी जास्त शिकवतोय, आणि घरी जाताना बादलीत बॉल नेहमी कमीच.

रिंकमध्ये चुकलेला पास बोर्डवर, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीवर, आपटतो आणि परत येतो. बस, एवढंच. पोरगं दोन पावलं टाकतं, लूज बॉल उचलतं, परत फेकतं. ज्याला चुकीचे पास सगळ्यात जास्त जातात त्यालाच सगळ्यात जास्त लूज बॉल उचलायला मिळतात, म्हणजे त्याचीही प्रॅक्टिस चालूच. आणि मोठ्या माणसासाठी तर अजूनच सोयीचं, मी प्रॅक्टिसच्या आधी लवकर जाऊन कोपऱ्यातल्या बोर्डवर एकटाच बॉल मारत बसायचो, घरी गॅरेजच्या दारावर मारला असता तर बायकोने मलाच बाहेर काढलं असतं.

नव्या कोचच्या डोक्यालाही बॉक्स हलकं जातं असं माझं मत. फील्डमध्ये ऑफसाइड सांभाळायचा, आपल्या अर्ध्यात किमान चार आणि पलीकडे किमान तीन राहिले पाहिजेत, म्हणजे डिफेन्सवाला बॉल घेऊन पुढे पळाला की मिडफिल्डरने मागे थांबायचं, हे दहा वर्षांच्या पोराला समजावून सांगा आणि मग मला भेटा. बॉक्समध्ये लहान गटात तेच पाच जण पुढेही जातात, मागेही येतात, 30 सेकंदांची शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्यात गोलवर बॉल मारायचाच असं घड्याळ, असली की कोणी बॉल घेऊन मिरवत बसत नाही. जागा इतकी कमी की पास द्यावाच लागतो. गोल लहान आणि गोली अंगभर पॅड चढवून उभा, त्यामुळे नुसता जोरात मारून भागत नाही, फसवावं लागतं. गॅरी आणि पॉल गेट हे जुळे भाऊ कॅनडातल्या व्हिक्टोरियात बॉक्स खेळून 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात फील्ड खेळायला गेले आणि तिथल्या लोकांनी तोंडात बोटं घातली, ते हात बॉक्समध्येच घडलेले होते.

एक गोष्ट मात्र बॉक्सच्या विरोधात मान्य करायला हवी, एकाच हाताची सवय लागते. उजवा खेळाडू फ्लोअरच्या डाव्या बाजूला, म्हणजे काठी मधल्या बाजूला राहते, आणि डावरा उजवीकडे, मग दुसरा हात वापरायची वेळच येत नाही. यावर उपाय म्हणून मी वॉर्मअपचे पास उलट्या हाताने करायला लावतो, पोरं कुरकुरतात, करतात.

तेव्हा तुमचा मुलगा आधीच बरा पळणारा असेल, तुमच्या क्लबाकडे कोच भरपूर असतील आणि तुम्हाला बंद जागेचा वैताग येत असेल तर फील्ड घ्या, काही बिघडत नाही. आमच्याकडे दोन्हीचे सीझन बरेचसे वेगळे पडतात त्यामुळे पुढे दोन्ही खेळणारी मुलं खूप आहेत. पण बापलेक दोघेही कोरी पाटी असाल तर पहिला उन्हाळा, माझं ऐकाल तर, रिंकमध्ये काढा. पॅड नवे घेऊ नका, मुलं दर वर्षी वाढतात आणि क्लबात जुने हमखास मिळतात, हेल्मेट तेवढं नीट मापाचं घ्या, आणि स्वतःसाठी पाण्याची मोठी बाटली.